नजर कुठे, हात कुठे

सर कोल्हापूरचे. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले आणि आता दोन-तीन दिवाळी अंकांसाठी कथाचित्रं काढतात. शीर्षकांची अक्षरंही स्वतःच्या हातानं लिहितात. ती त्यांची जुनी विद्यार्थिनी. पुण्यात एका ॲनिमेशन स्टुडिओत पार्श्वभूमीची चित्रं रंगवते. सरांना आता ड्रॉइंग टॅब्लेट घ्यायचा आहे, कारण संपादकांना लेयर, म्हणजे एकावर एक सुटे थर, असलेली फाइल हवी असते आणि अंक छापायला जायच्या आदल्या रात्री नायिकेच्या साडीचा रंग बदलायचा असतो. पैसे बाजूला काढून ठेवलेत. कुठला घ्यायचा एवढंच ठरायचं होतं, आणि तिथंच दोघांचं जमेना.

वाचकाला वाटेल, सर कागदाची बाजू घेत असणार आणि ती यंत्राची. तसं नव्हतं. स्क्रीन असलेला महागडा टॅब्लेट सरांना हवा होता. ती म्हणत होती, बिनस्क्रीनचा साधा काळा टॅब्लेट घ्या. मी मध्ये बसून ऐकत होतो. बोलणं झालं तसं देतो, माझी लुडबुड कंसात आहे.

सर : माझी सगळी नोकरी पोरांना एकच सांगण्यात गेली, पेन्सिलीचं टोक जिथं आहे तिथं बघ. आणि तू मला सांगतेस, हात टेबलावर चालवा आणि बघा समोर. असं कुणी चित्र काढतं काय?

ती : टोकाकडं बघा हे तुम्ही भूमितीच्या आणि अक्षरलेखनाच्या तासाला सांगायचात. स्थिरचित्राच्या तासाला काय ओरडायचात ते आठवतंय का?

सर : काय?

ती : ‘तांब्याकडं बघ की! कागदावर काय बघतीस, कागदावर तांब्या हाय काय?’ आमच्या बॅचची पोरं अजून नक्कल करतात तुमची.

सर : ते आकार समजण्यापुरतं. रेघ ओढताना नजर कागदावर येतेच.

ती : येते, पण बरेचदा ओढून झाल्यावर. बरोबर आली का ते ताडून बघायला. मधला वेळ हात आपल्या भरवशावर चालतो, आणि तो भरवसा तुम्हीच आम्हाला दिलात. बिनस्क्रीनचा टॅब्लेट तेवढंच मागतो. माऊस चालवताना तुम्ही हाताकडं बघता का?

सर : माऊसनं मी टिचकी मारतो, चित्र काढत नाही.

(इथे सरांची बाजू मला वजनदार वाटली. टिचकी मारायला जागा सापडली की झालं. रेघेला सुरुवात, वेग, वळण आणि थांबणं, सगळंच लागतं.)

ती : पहिले दोन आठवडे त्रास होतो, नाही म्हणत नाही. रेघ सुरू करायची एकीकडे आणि ती उमटायची भलतीकडे. पण पेन टेकवायच्या आधी, पृष्ठभागापासून साधारण एक सेंटिमीटर वर असतानाच पडद्यावर बाण दिसतो. आधी बाण जागेवर न्यायचा, मग टेकायचं. नवीन माणूस एकदम टेकवतो आणि म्हणतो, जमत नाही.

सर : मला वाटतं, हे बिनस्क्रीनचं प्रकरण स्क्रीन परवडत नाही अशा लोकांसाठी काढलेलं असणार.

ती : उलटं आहे ते. १९६३ साली एमआयटीच्या प्रयोगशाळेत आयव्हन सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’ हा रेखाटनाचा प्रोग्रॅम केला, तेव्हा प्रकाशपेनानं थेट पडद्यावरच काढायचे. पडदा उभा, हात अधांतरी. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशननं टेबलावर आडवा ठेवायचा टॅब्लेट केला, दहा इंच लांब आणि दहा इंच रुंद. किंमत १८ हजार डॉलर. नजर पडद्यावर आणि हात टेबलावर ही जोडी तेव्हापासूनची आहे. परवडत नाही म्हणून कुणी १८ हजार डॉलर घालतं का?

सर : ते इंजिनिअर होते. आकृत्या काढत होते.

ती : बरं, तुमच्या मानेचं बोलू. गेल्या वर्षी पट्टा घालून बसला होतात ना?

सर : (जरा गप्प) होतो.

ती : स्क्रीनवाल्या टॅब्लेटवर तुम्ही पुन्हा तसेच वाकणार. स्टँड मिळतो, कलता ठेवता येतो, पण हात टेकवायला माणूस पुढं झुकतोच. बिनस्क्रीनवाल्यात मॉनिटर डोळ्यांच्या उंचीला ठेवला की मान सरळ. आमच्याकडं कित्येकजण दिवसाचे आठ-दहा तास असेच बसतात. काहींच्या टेबलावर दोन्ही आहेत आणि रंगवायला ते बिनस्क्रीनचाच ओढतात.

(मानेचा मुद्दा तिनं राखून ठेवला होता असं मला वाटतं. सर बराच वेळ त्यावर काही बोलले नाहीत, विषयच बदलला.)

सर : मला आधी सांग, हे पेन चालतं कसं? दुकानदार म्हणाला, यात सेल नाही, चार्जिंग नाही. मग वीज कुठून येते?

ती : टॅब्लेटच्या आत तारांची जाळी असते. ती विद्युतचुंबकीय लहरी सोडते. पेनात एक बारीक कॉइल आणि कपॅसिटर असतं, ते त्या लहरींनी निनादतं आणि उलट सिग्नल देतं. सिग्नल कुठल्या तारांना जोरात मिळाला यावरून टोक कुठं आहे ते कळतं. टोक दाबलं की पेनातल्या सर्किटची वारंवारता किंचित बदलते. तोच तुमचा दाब.

सर : म्हणजे सतारीच्या तरफा. वरची तार छेडली की खालच्या आपोआप बोलतात.

ती : तेच. १९८३ साली जपानमध्ये वॅकॉम कंपनी सुरू झाली, तिनं हे तंत्र गाजवलं. बरीच वर्षं बिनसेलचं पेन म्हटलं की वॅकॉमच. ह्युऑन वगैरे चिनी कंपन्यांच्या जुन्या पेनांत सेल घालावा लागायचा किंवा चार्ज करावं लागायचं. आता त्यांचीही पेनं बिनसेलची असतात. म्हणून भाव उतरलेत.

सर : आणि हे बघ, खोक्यावर लिहिलंय, दाबाच्या ८,१९२ पातळ्या. दुसऱ्यावर १६,३८४. दुप्पट! म्हणजे दुसरा दुप्पट चांगला?

ती : तो आकडा वाचूच नका. तुमच्या बोटांना आठ हजार तऱ्हांनी दाबता येतं का? जुन्या टॅब्लेटवर १,०२४ पातळ्या असायच्या आणि त्यावर उत्तम कामं झाली. वॅकॉमचा सगळ्यात स्वस्त टॅब्लेट २,०४८ पातळ्यांचा आहे आणि तो कुठं अडत नाही. बघायचं ते वेगळंच : किती हलका स्पर्श केला की रेघ उमटायला सुरुवात होते. चांगल्या पेनाला दोन-तीन ग्रॅम पुरतात. वाईट पेनाला आधी रेटावं लागतं, मग रेघ एकदम जाड उमटते. केसासारखी बारीक सुरुवात मिळतच नाही.

सर : हे मला पटलं. तुमच्या पिढीतलं कुणी पहिल्यांदा पटेल असं बोललं.

ती : आणि हा सुरुवातीचा दाब खोक्यावर कुणी मोठ्या अक्षरांत छापत नाही. तो हातालाच कळतो.

सर : पण ब्रशाचं काय? सेबलचा चार नंबरचा ब्रश घेतला तर टोकानं केस, पोटानं पान, आणि पाणी जास्त झालं की कडेला रंग साचून आपोआप गडद किनार. ते यात आहे?

ती : टोक आणि पोट आहे. पेन कलतं केलं की बऱ्याच टॅब्लेटना कळतं, ते ब्रशाला जोडता येतं. कडेला साचणाऱ्या रंगाची नक्कल करणारे ब्रश मिळतात. पण ती नक्कल आहे, सर. कागद ओला असताना तुम्ही तो उचलून तिरका करता आणि रंग खाली ओघळतो, त्यातलं काही यात नाही. जलरंगच हवा असेल तर जलरंगच करा आणि स्कॅन करा.

सर : एवढं कबूल करतेस तर बरं.

ती : कबूल करायला काय झालं? मी टॅब्लेट विकत नाही.

आकाराकडे गाडी आली तेव्हा दोघांचा सूर जरा खाली आला, कारण इथे मतभेद फारसा नव्हता. सर पाव इम्पिरियल कागदावर काम करणारे, म्हणजे १५ इंच बाय ११. मनगटानं कमी आणि कोपरातून जास्त रेघ ओढतात. सगळ्यात लहान टॅब्लेटवर चित्राची जागा साधारण सहा इंच बाय पावणेचार. तो फोटो दुरुस्त करायला ठीक, पण कोपरातून येणारा हात त्यावर आखडतो. दहा इंच बाय सव्वासहाच्या आसपासचा घ्यावा, असं तिचं म्हणणं. तोही पाव इम्पिरियलच्या निम्म्याहून कमीच भरतो. पण त्याहून मोठा घेतला तर टेबलावर कीबोर्डला जागा उरत नाही, आणि डावा हात कीबोर्डवर लागतोच.

ती : आणखी एक. टॅब्लेटचं आणि मॉनिटरचं लांबी-रुंदीचं प्रमाण वेगळं असलं, तर तुम्ही हातानं वर्तुळ काढाल आणि पडद्यावर लंबवर्तुळ दिसेल. मग तुम्ही म्हणाल, माझा हात गेला. हात गेलेला नसतो. सेटिंगमध्ये प्रमाण जुळवायचा पर्याय असतो, तो पहिल्या दिवशीच लावायचा. टॅब्लेटची थोडी पट्टी वाया जाते, जाऊ दे.

सर : हे एवढं सगळं करण्यापेक्षा आयपॅड घेतला तर? पुतण्याकडं आहे. खिडकीत बसून काढता येतं, वायर नाही, लॅपटॉप नाही. तो चित्रकार डेव्हिड हॉकनी सत्तरी उलटल्यावर आयपॅडवर काढायला लागला, यॉर्कशरचा वसंत ऋतू. २०११ ची चित्रं. मोठ्ठाली छापून भिंतींवर लावली. मी तर त्याच्यापेक्षा तरुण आहे.

ती : आयपॅडला मी नाही म्हणत नाही. खरं तर स्क्रीनच हवी असेल तर तुमच्यासाठी तोच बरा. प्रोक्रिएट हे चित्रकलेचं ॲप एकदा विकत घेतलं की झालं, दरमहा भाडं नाही. पण दोन गोष्टी. एक, पेन्सिल बघून घ्या. २०२३ मध्ये आलेली ॲपलची स्वस्त यूएसबी-सी पेन्सिल दाब ओळखतच नाही. दिसायला तीच, नाव तेच, पण कितीही दाबली तरी रेघ एकाच जाडीची. कितीतरी लोक स्वस्त म्हणून ती घेतात आणि मग ब्रशाला दोष देतात.

सर : दाब ओळखत नाही ती पेन्सिल कशाला काढली मग?

ती : नोट्स लिहायला. दुसरं म्हणजे लेयर. छपाईसाठी मोठी फाइल उघडली की आयपॅडवर लेयरची संख्या मर्यादित होते. मासिकाचं पान सात इंच बाय साडेनऊ धरा. तीनशे डीपीआयनं झालं २,१०० बाय २,८५० पिक्सेल. एवढ्याला चालेल. पण मुखपृष्ठ मागून-पुढून सलग काढायला घेतलंत, की स्वस्तातला आयपॅड लेयर मोजून द्यायला लागेल.

सर : मी लेयर वापरतो किती? एक रेषेचा, एक रंगाचा. जास्तीत जास्त साडीचा वेगळा, संपादकांच्या नावानं.

(सगळे हसले. पण शहाणपणाची गोष्ट आहे ती. चाळीस लेयर करून त्यात हरवलेली माणसं मी पाहिली आहेत.)

ती : हॉकनींचं म्हणाल तर त्यांनी २००९ मध्ये फोनवर अंगठ्यानं काढायला सुरुवात केली होती. पेन नाही, दाब नाही, काही नाही. त्यामुळं त्यांचं उदाहरण आयपॅडच्या बाजूनं नाहीच. हात तयार असला की साधन कुठलंही चालतं, एवढंच त्यातून निघतं. म्हणजे माझ्याच बाजूचं.

सर : हात तयार आहे म्हणूनच तर म्हणतो. तयार हाताला तुम्ही नवीन खोड लावताय. ज्याचा हात अजून घडायचाय त्यानं तुझा काळा टॅब्लेट घ्यावा, तो कसाही घडेल. माझा घडलाय, आणि नजरेसकट घडलाय. तो आता या वयात मोडून परत जोडायचा?

यावर ती थांबली. मग तिनं स्वतःचा पिशवीतून आणलेला मध्यम आकाराचा टॅब्लेट सरांच्या लॅपटॉपला जोडला. क्रिता हे चित्रकलेचं सॉफ्टवेअर आधीच टाकून ठेवलं होतं, फुकट मिळतं म्हणून. सरांनी तासभर काढलं. आधी नुसत्या रेघा, मग एक म्हातारा, मग रंकाळा तलावाचा काठ. पहिली वीस मिनिटं सर चिडचिडले. नंतर रंगाला बसले तेव्हा बोलणं बंद झालं. कडेच्या झाडांचे मोठे ठोकळे त्यांनी न अडखळता टाकले आणि नजर एकदाही खाली गेली नाही. ती माझ्याकडे बघून हसली. मग सरांनी शीर्षक लिहायला घेतलं आणि सगळं बिघडलं.

सर : बघ. शिरोरेषेला दांडी जिथं मिळते तिथं बघ. दर वेळी केसभर पुढं, नाहीतर मागं. आणि ‘क’चं पोट बघ काय झालंय.

ती : आधी ब्रश बदलू. तुम्ही दाबावर जाड-बारीक होणारा घेतलाय. बोरू दाबला की रुंद होतो का?

सर : नाही. बोरूचा काप ठरलेला, धरायचा कोन ठरलेला. जाडी येते ती फिरण्याच्या दिशेतून.

ती : मग तोच ब्रश करू. चपटं टोक, कोन पंचेचाळीस अंशांवर पक्का, दाब पूर्ण बंद. हां, आता लिहा.

सर : (लिहून) जाडी आली. बरोबर आली. म्हणजे तुमच्या त्या सोळा हजार पातळ्या अक्षराला शून्य कामाच्या.

ती : शून्य.

सर : पण पोट अजून चुकतंय. का, सांगतो. अक्षरात मी काळा भाग लिहीत नाही, आतली पांढरी जागा राखतो. ‘क’ची गाठ वळवताना पांढरं किती उरलंय ते त्याच क्षणी टोकापाशी दिसावं लागतं. कमल शेडग्यांनी नाटकांची शीर्षकं लिहिली ती बघ, एकेका अक्षराच्या पोटातली जागा कशी तोललेली असते. ते ताडून बघून, पुसून, परत करून येत नाही. हात चालू असतानाच नजर तिथं लागते. तांब्याला चालेल तुझं, अक्षराला नाही चालत.

ती : अक्षरं कागदावर लिहा. स्कॅन करून मल्टिप्लाय लेयरवर टाका. पांढरं आपोआप नाहीसं होतं आणि काळं उरतं. हव्या त्या रंगात बदलता येतं.

सर : मग यंत्र घेतलं कशाला?

तिच्याकडे याला उत्तर होतं, साडीसाठी. पण ते तिनं दिलं नाही. थोड्या वेळानं म्हणाली, अक्षरांपुरतं तुमचं मान्य. आमच्या स्टुडिओतही अंतिम रेघ ओढणारे, म्हणजे शाईचं काम करणारे लोक स्क्रीनच मागतात. रंगवणारे मागत नाहीत.

(मला वाटतं, या वादाचा गाभा हाच आहे आणि दुकानात तो कुणी विचारत नाही. तुमचं काम रेघेचं की रंगाच्या मोठ्या ठोकळ्यांचं? रेघ जिथे जुळायलाच हवी तिथे, अक्षरं, शाईचं काम, बारीक नक्षी, टोक आणि नजर एकत्र असण्याचे पैसे वसूल होतात. रंग, छाया आणि प्रकाशाला त्याची गरज वाटते तेवढी नाही. मी सरांच्या बाजूनं, पण फक्त अक्षरांपुरता.)

सर : मग स्क्रीनवाला सांग. कुठला?

ती : सांगते, पण आधी त्याच्या खोडी ऐका. तो एकटा चालत नाही. लोकांना वाटतं, स्क्रीन आहे म्हणजे घेतलं की सुरू. त्याला लॅपटॉप लागतोच. तुमच्या लॅपटॉपला एचडीएमआय आहे, ते चालेल. नुसतं यूएसबी-सीचं भोक दिसलं म्हणून भरवसा ठेवू नका, सगळ्या भोकांतून चित्र बाहेर जात नाही. मग काच. काच आणि आतला पडदा यांच्यात पोकळी असली तर टोक एका जागी आणि रेघ जराशी बाजूला दिसते. म्हणजे ज्यासाठी पैसे घालायचे तेच गेलं. लॅमिनेटेड, म्हणजे काच पडद्याला चिकटवलेली असेल तरच घ्यायचा. त्यात काच तापते, वायरींचं जंजाळ होतं.

सर : आणि पैसे?

ती : बिनस्क्रीनचा चार-सहा हजारांत चांगला येतो. स्क्रीनवाला वीस हजारांपासून पन्नासच्याही पुढं. आणि तुमच्या या लॅपटॉपचा पडदा रंगाला फार वाईट आहे, सर. बिनस्क्रीनचा घेऊन उरलेल्या पैशांत एक चांगला मॉनिटर घेतलात तर छपाईचा रंग निदान जवळपास दिसेल.

सर : छपाईचा रंग मला पडद्यावर बघायचाच नाही. पोपटी आणि भडक निळा पडद्यावर पेटतात आणि छापून मळकट येतात. केशरीचंही तेच. मी पहिल्यापासून छापखान्याच्या चार रंगांत विचार करतो. या पोरांना ते माहीतच नसतं.

ती : क्रितामध्ये फाइलच सीएमवायकेमध्ये, म्हणजे तुमच्या त्या छापखान्याच्या चार रंगांत, उघडता येते. म्हणजे न छापता येणारा रंग निवडलाच जात नाही.

सर : हे आधी का नाही सांगितलंस?

त्यानंतर वापरायच्या गोष्टी निघाल्या. त्यात वाद नव्हता, म्हणून थोडक्यात सांगतो. दुसऱ्या कंपनीचा ड्रायव्हर आधी टाकलेला असेल तर तो पूर्ण काढून मगच नवा टाकायचा. दाब न लागण्याच्या निम्म्या तक्रारी तिथून येतात. बाकीच्या बऱ्याचशा विंडोज इंक नावाच्या एका खुणेतून येतात, ती ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये एकदा लावून आणि एकदा काढून बघायची. पेनाची निब झिजून तिरकी धार आली की बदलायची, नाहीतर पृष्ठभागावर चरे पडतात. क्रितामध्ये ४ आणि ६ या कळांनी कागद फिरतो आणि ‘एम’ दाबलं की चित्र उलटं, आरशातलं दिसतं. हे ऐकून सर खूश झाले, कारण चित्र आरशात बघून चुका शोधायला ते पोरांना लावायचे. रेघ थरथरू नये म्हणून प्रोग्रॅममध्ये सोय असते, ती सवय होईपर्यंत बंद ठेवावी असं ती म्हणाली. सरांना मात्र ती सोय आवडली आणि त्यांनी ती चालूच ठेवली.

सर : अनडू मात्र मी बंद करणार. दर रेघेला मागं जायचं म्हणजे काय?

ती : झटपट रेखाटनाच्या तासाला तुम्ही खोडरबर काढून घ्यायचात, तसंच ना? करा बंद. चित्र चांगलंच होईल. पण संपादकांना सांगू नका.

सर : एलिमेंटरी चित्रकला परीक्षेला बसलेल्या पोरांचे आई-बाप विचारतात मला, कुठला टॅब्लेट घेऊ. त्यांना काय सांगू?

ती : आधी घेऊ नका म्हणून सांगा. फारच हट्ट केला तर सगळ्यात स्वस्त बिनस्क्रीनचा. लॅपटॉप नसेल तर काही टॅब्लेट अँड्रॉइड फोनलाही लागतात, पण फोन उभा धरला तर टॅब्लेटची थोडीशीच जागा चालते, हे आधीच सांगून ठेवा. आणि स्क्रीनवाला मुळीच नको. महागाचं झालं की पोरगं घाबरून काढतं.

सर : मग मी घाबरत नाही म्हणून मला चालेल?

ती : तुम्हाला मानेसाठी नको म्हणतेय हो!

शेवटी ठरलं ते असं. यंदाच्या अंकांची चित्रं गणपतीच्या आत द्यायची आहेत. तोवर तिचा टॅब्लेट सरांकडे राहणार. कथाचित्रं त्यावर करायची आणि शीर्षकं बोरूनं कागदावर. दिवाळीनंतर अक्षरांची कामं हातात किती उरतात ते पाहून स्क्रीनचा विचार. सरांना हे पूर्ण पटलेलं नाही. तेरा इंची लॅमिनेटेड स्क्रीन, कलत्या स्टँडवर, हेच आपल्यासाठी योग्य असं ते अजून म्हणतात, आणि अक्षरं लिहिणाऱ्या माणसाच्या बाबतीत ते चूक आहेत असं मला वाटत नाही. पण कथाचित्रांसाठी तिचं म्हणणं बरोबर ठरलं. रंकाळ्याचं चित्र मी पाहिलं आहे.

तुम्ही घ्यायला जाल तेव्हा खिशात एक प्लास्टिकची पट्टी ठेवा. दुकानदाराला टॅब्लेट जोडून दाखवायला सांगा, प्रोग्रॅममधली रेघ स्थिर करायची सोय बंद करा आणि पट्टी लावून एक तिरकी रेघ अगदी सावकाश ओढा. रेघ लाटा घेत आली तर तो टॅब्लेट ठेवून द्या. मग पेनाचं नुसतं वजन टेकवून बघा, उमटतं का. स्क्रीनवाला असेल तर चारही कोपऱ्यांत टोक आणि रेघ जुळतात का ते पाहा, कडेलाच गडबड होते. दुकानदार जोडून दाखवत नसेल तर परत करायची मुदत किती दिवसांची ते विचारा, आणि बिल जपून ठेवा.